चर्चकडे जरा

इनर्टकिर्खेन,
६ एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप बाल्त्स भावोजी यांस,
मेल्खिओरचा सा. न. वि. वि.

ताई गेल्यापासून तुमच्या घरून पत्र यायचं बंद झालं. पत्रं तीच लिहायची, तुम्ही खाली सही ठोकायचात, हे मला ठाऊक आहे. आता सहीपुरतं तरी लिहा.

मेअखेरीला चांदमारीचा सामना आहे. गेल्या वर्षीचा खाडा सोडला तर जवळजवळ चाळीस वर्षं मी वडिलांची लांब रायफल घेऊन, गाड्या बदलत, तुमच्या लिनथालला येतो आणि तुमच्या आखूड कार्बाइनला धूळ चारतो. मधून मधून तुम्हीही जिंकलात, कबूल. पण माझ्या रायफलीचं १९११ सालचं काम ते १९११ सालचं. तुमची कार्बाइन म्हणजे झाडूचा दांडा, हे मत मी अजून बदललेलं नाही.

परवा तुमच्या नेमबाजी मंडळाचे चिटणीस फ्रॉयलर यांचं कार्ड आलं. तुम्ही कार्बाइन लष्करी कोठारात जमा करणार म्हणे. तिथे जुन्या बंदुका वितळवतात, भावोजी. खरं काय ते कळवा.

लोभ आहे हे मी जाणतो. तो पत्रातही दिसू द्या.

तुमचा,
मेल्खिओर

*

लिनथाल,
१५ एप्रिल १९८६

चि. मेल्खिओर यास,
अनेक आशीर्वाद.

फ्रॉयलरच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण बातमी खरी आहे. वीस मेला त्याच्याच गाडीतून जाऊन जमा करून येणार.

वर्षभरानं सरावाला गेलो. सहाच्या सहा गोळ्या डावीकडे. गोळी कुठे लागली ते दाखवणारा खंदकातला माणूस काठीवरची चकती पुन्हा पुन्हा त्याच डाव्या काठाशी धरत होता आणि माझ्यामागे सगळे गप्प होते. हसले असते तर बरं वाटलं असतं. बहात्तराव्या वर्षी डोळा गेला, संपलं. शेजारच्या स्टुलावर बसून तुझी ताई गुण लिहायची. आता फ्रॉयलर लिहितो आणि खोकतो.

झाडूच्या दांड्याबद्दल एवढंच, की चौतीस साली सैन्यानं दिलेली ही कार्बाइन मी घरच्या कपाटात उभी ठेवू शकतो. तुझा बांबू ठेवायला छप्पर काढावं लागेल.

रविवारी सूप करतो, ते बुधवारपर्यंत पुरतं. हात अजून दोघांचंच माप घेतो. घर खायला उठतं रे.

लोभ ठेवावास.

बाल्त्स

*

इनर्टकिर्खेन,
२२ एप्रिल १९८६

ती. भावोजी,
सा. न. वि. वि.

एका प्रश्नाचं उत्तर द्या. त्या सहा गोळ्या विखुरल्या होत्या की एके ठिकाणी होत्या? डोळा गेलेला माणूस चहूकडे मारतो. सगळ्या एकाच जागी असतील, तर डोळा शाबूत आहे आणि दोष बंदुकीचा. तुमच्या कार्बाइनमध्ये खोट निघाली तर मला किती आनंद होईल, ते वेगळं सांगत नाही.

नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी बंदूकवाल्याकडून तपासून घ्या. वीस तारखेच्या आत.

माझा गुडघा ठीक आहे, विचारलं नाहीत तरी सांगतो.

लोभाची वाट पाहणारा,
मेल्खिओर

*

लिनथाल,
९ मे १९८६

चि. मेल्खिओर यास,
आशीर्वाद.

सहाही भोकांवर माझा तळहात बसला. बंदूकवाल्यानं भिंग लावून पाहिलं. माशी केसभर सरकलेली आहे आणि खाचेतला गंज जुना आहे. आजकालचं काम नव्हे, म्हणाला. सत्तेचाळीस साली कार्बाइन गवताच्या गाडीवरून पडली होती, तेव्हाचंच असणार. आनंद साजरा कर.

पण मग मी इतकी वर्षं मधोमध कसा मारत होतो? घरी येऊन स्वयंपाकघरात बसलो, कोटही काढला नव्हता, आणि आठवलं. प्रत्येक गोळीच्या आधी तुझी ताई हळूच म्हणायची, ‘चर्चकडे जरा.’ आमच्या चांदमारीवर चर्च उजव्या हाताला आहे. तिला पहिल्याच वर्षी कळलं असणार. मी समजायचो, बायकोची टकळी चालू आहे. कानानं ऐकत नव्हतो, पण हात तेवढा उजवीकडे जात होता. तिला कधी विचारलंही नाही, मेल्क. याचं फार वाईट वाटतं.

बंदूकवाला म्हणतो, माशी सरळ करणं दोन मिनिटांचं काम. मी नको म्हणालो आणि कार्बाइन तशीच घरी आणली.

बाल्त्स

*

इनर्टकिर्खेन,
१४ मे १९८६

ती. भावोजी,
सा. न. वि. वि.

वाकडी माशी माहीत असून तशीच ठेवणं हा शुद्ध गाढवपणा आहे. वयानं मोठे आहात म्हणून एकदाच लिहितो.

वीस तारखेला फ्रॉयलर यांना एकट्यालाच जाऊ द्या. मी तीसला संध्याकाळच्या गाडीनं येतो. तुमच्या पाळीला स्टुलावर मी बसेन आणि गुण लिहीन. बोलणार मात्र काही नाही. ते काम माझं नव्हे.

हिरवं झीगर चीज आणून ठेवा.

मेल्खिओर

*

लिनथाल,
३ जून १९८६

चि. मेल्खिओर यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचला असशील. स्टेशनवर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

कबूल केल्याप्रमाणे तू गप्प बसलास. पहिल्या गोळीआधी मी थांबलो, ते तुझ्या लक्षात आलं असेल. कुणीतरी बोलेल म्हणून थांबलो होतो. कुणी बोललं नाही. मग मीच म्हणालो आणि पुढे प्रत्येक वेळी म्हणालो. शेजारच्या जागेवरून फ्रॉयलरनं विचारलं, की म्हातारपणी देवधर्म सुरू केलास की काय. एकसष्ट गुण झाले. तुझे त्रेसष्ट. लांब नळीचा विजय असो.

कार्बाइन कपाटात आहे आणि माशी वाकडीच आहे. काल दस्त्याच्या टोकाच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढले. आपण सगळे पत्र्याखाली नावाची चिठ्ठी ठेवतो, तशी माझी चौतीस सालची चिठ्ठी तिथे होती. पत्ता आईच्या घरचा. तिच्याखाली आता दुसरी ठेवली आहे. ही बंदूक पुढे ज्याच्या हाती जाईल, त्यानं नेम कसा धरायचा, ते लिहिलं आहे. दोनच शब्द.

माझ्यानंतर ती तुलाच यायची आहे. पण तुमच्या चांदमारीवर चर्च डाव्या हाताला आहे, तेव्हा तिथे ती चालवू नकोस. चिठ्ठी वाचशील आणि डोंगराला मारशील. इथेच येऊन चालव. स्टूल फ्रॉयलरकडून परत मागून आणलं आहे, स्वयंपाकघरात तुझ्या ताईच्या जागी आहे. त्याच्यावर अजून कुणी बसलेलं नाही. शरद ऋतूतल्या सामन्याला चार दिवस आधी ये, आणि बोलायची मुभा आहे.

लोभ असू दे, आणि जमलं तर पत्र जरा लवकर लिही.

तुझा,
बाल्त्स