आठवड्याचा पाला

३ मार्च, रविवार
चेहऱ्यावर पुन्हा पित्ताच्या गांधी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाण्यातलं हिस्टामाइन, त्यानेच पित्त उठतं. पालक, टोमॅटो, लोणचं, आंबवलेलं सगळं बंद. बाकी पाला खा, पण ताजा.
पाट्या कोरणाऱ्या आमच्या दुकानात शुद्धलेखन माझं, पण गिऱ्हाईक आधी तोंड बघतं. मालक म्हणाले, पुढच्या सोमवारपर्यंत चेहरा साफ कर, मागच्या खोलीतून काउंटरवर घेतो. नाहीतर माझा भाचा आहेच.
ठरलं. कोबी, लेट्यूस, आठवड्याचं सगळं आजच उकडलं. डब्यांवर वार लिहिले. ताई म्हणाली, अरे, रोजचं रोज कर की. तिला नियोजन कळत नाही.

५ मार्च, मंगळवार
डब्याला ओल्या फडक्याचा वास. उकडलेल्या लेट्यूसचं काय होतं ते लिहिण्यासारखं नाही. लिहितो: शेंबूड. डोळे मिटून गिळला.
कपाळावर नवी गांध. साबणाचा दोष. बदलला.

७ मार्च, गुरुवार, दुपारी
दुकानात डबा उघडला तसा मालकांचा भाचा खिडकी उघडायला धावला. म्हणाला, दादा, आत काय मेलंय? मी चमचा काढला. कोबी तपकिरी, बुळबुळीत, स्वतःच्याच पाण्यात पोहतोय. उलटी तोंडाशी आली, परत पाठवली. निग्रह म्हणतात तो हाच.
गांधी गळ्यापर्यंत. पितळेची धूळ असणार. तोंडाला रुमाल बांधला. आरसा ताईच्या खोलीत नेऊन ठेवला.

९ मार्च, शनिवार
डावा डोळा सुजून बंद. ताईने सकाळीच फरपटत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं? अभिमानाने सांगितलं. शिजवलं कधी? रविवारी. त्या कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, अहो, शिळं झालं की हिस्टामाइन वाढतं, ताजा म्हणजे काय वाटलं तुम्हाला? मी म्हणालो, आणला तेव्हा ताजाच होता. ताई हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.
गोळ्या दिल्यात. अजून दोन दिवस आहेत. सोमवारी काउंटर माझंच.

११ मार्च, सोमवार
डोळा अर्धा उघडला. काउंटरवर भाचा. त्याच्या नावाची पाटी मलाच कोरायला दिली. कोरली. एक वेलांटी इकडची तिकडे नाही.
ताजा पाला आता रोज, अगदी नक्की. फक्त शनिवार-रविवार लिहिलेले दोन डबे उरलेत. अक्षर इतकं सुबक आलंय की टाकायला हात होत नाही. आज नाक दाबून शनिवारचा डबा संपवला.
उद्या रविवारचा. ताजं परवापासून.