गेज आत जात नाही, म्हणून

थेरगाव,
रविवार, ११ मार्च १९७३

प्रिय फारूक,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे ठीक. तू, सलिमा आणि नूरबी तळेगावात सुखरूप असालच, असं रीतीप्रमाणे लिहिलं आणि पेन थांबलं. ‘असालच’ हे कशावरून? दर रविवारी आमच्या ओसरीवर तुम्हा पाच जणांना मी हेच तर विचारत होतो.

तुमची सुपरवायझरची परीक्षा, आणि मास्तर मी. शाळा चौथीपर्यंत, तर्कशास्त्र जुन्या बाजारातल्या पुस्तकातून एकट्यानं शिकलेलं. त्याचा तोरा होताच मला. ‘दिवा लागत नाही, म्हणजे वीज गेली. यात न बोलता काय धरून चाललोय?’ ‘बल्ब शाबूत आहे, हे!’ तू सगळ्यांच्या आधी सांगायचास. वर स्वतःचं जोडायचास, ‘भोंगा झाला, म्हणजे साहेब आले. यात काय धरलंय, तर साहेब वेळेवर येतात!’ तुझी सुमनवहिनी आतून हसायची. ती अजून विचारते, फारूक का येईना झाला? शिफ्ट बदलली, असं सांगितलंय तिला.

असो. त्या बुशांबद्दल लिहायचं आहे.

१४ डिसेंबर, गुरुवार, पहिली शिफ्ट. तुझ्या लेथवर भोकं पाडलेले २१२ बुश. इन्स्पेक्शनला मी. भोकात मापाचा गेज घालून पाहिला, एकातही जाईना. फोरमन दौलतराव शेजारीच उभे. मी जाहीर केलं, ‘गेज आत जात नाही, म्हणून भोक लहान. भोक लहान, म्हणून फारूकचं काम चुकलं.’

तू हात पुसत विचारलंस, ‘अर्जुनराव, यात न बोलता काय धरलंय?’

आजूबाजूचे हसले. मी ओरडलो, ‘हा वर्ग नाही! गेज खोटं बोलत नाही.’

माल भंगारात गेला. कायम होणाऱ्यांच्या यादीतून तुझं नाव गेलं, आणि महिनाअखेरीस तूही गेलास.

तीन दिवसांनी मी गेज भिंगाखाली धरला. कडेला केसाएवढा उंचवटा होता. म्हणजे भोकं बरोबर होती, गेज बिघडलेला होता.

हे वरचं खरं आहे, पण पुरतं नाही. तारखांच्या बाबतीत मी काटेकोर, तेव्हा नीट लिहितो. १३ तारखेला, सुट्टीच्या जरा आधी, तो गेज माझ्याच हातून फरशीवर पडला होता. मी तो पुसून पेटीत ठेवला. तू प्रश्न विचारलास तेव्हा मला ते आठवलं. तीन दिवसांनी नव्हे, फारूक. त्याच क्षणी. पण मी शिकवलेला माणूस चारचौघांत मलाच धडा विचारतो, एवढंच तेव्हा डोक्यात भिनलं. पुढे भिंगाखाली पाहिलं ते स्वतःची खात्री करायला. आणि ऑइलस्टोनवर तो उंचवटा घासून काढला तो दुसऱ्या कुणाची खात्री होऊ नये म्हणून. आता पुरावा म्हणून फक्त माझा शब्द उरला आहे.

मग मनाची समजूत घातली. तुझ्या भावाचं, सरदारचं, गॅरेज आहे. म्हणजे तुझं बरं चाललं असेल. गेल्या रविवारी पाहायला आलो होतो. तू रस्त्याकडेला उकिडवा बसून घासलेटात नटबोल्ट धूत होतास. मिलिमीटरचा शंभरावा भाग राखणारे हात ते. मला रस्ता ओलांडवला नाही. तसाच माघारी फिरलो.

काल मॅनेजरसाहेबांना लेखी जबाब दिला. नक्कल सोबत जोडली आहे. आधी दौलतरावांना दाखवला. ते म्हणाले, ‘झालं ते गेलं की, राव. कशाला उकरून काढताय? नोकरीवर येईल तुमच्या.’ मी म्हणालो, ‘येऊ द्या.’ मग कागद साहेबांकडे नेला. साहेबांनी कागद वाचला, पालथा ठेवला आणि म्हणाले, ‘सोमवारी बघू.’

तुला परत घेतील, असं मी लिहिणार नाही. त्याला माझ्याकडे आधार नाही. चौकशीला बोलावलं तर मात्र ये, आणि सगळ्यांसमोर मला हवं ते विचार. या खेपेला उत्तर देईन.

माफी मागतो. तू पत्र फाडलंस, किंवा काहीच कळवलं नाहीस, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावणार नाही.

तुझा, असं लिहायचा हक्क उरलाय की नाही ठाऊक नसलेला,

अर्जुन