मारबतीच्या दिवशीच्या माश्या

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी ढसाढसा रडले होते. आज तुमचा इतका राग आलाय की ते रडणं परत मागावंसं वाटतंय. गेल्या रविवारी काकूंनी तुमच्या प्रताप नगरच्या घरी बोलावलं. घर रंगवायला काढलंय. "त्याइच्या पुस्तकातलं तुले पाह्यजे ते घेऊन जाय वं, बाकी रद्दीवाल्याले देऊन टाकीन," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. जाड पुस्तकांच्या मागे तुमची खिशातली डायरी सापडली. अक्षर ओळखीचं होतं म्हणून मी ती उघडली, एवढंच.

तुम्हाला आठवतं का, पहिल्याच दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, "विणकराची पोर ना तू? दुसऱ्याच्या मागाची फणी तुमच्या मागावर बसवली, तर काय होते?" मी म्हणाले, "बसते सर, पण धागा तुटत राह्यते." तुम्ही टेबलावर थाप मारली. "बस, हेच शोधाचं हाये." पेशीला शक्ती पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. त्यांची स्वतःची जनुकं मोजकीच. त्यांचे बाकीचे भाग केंद्रकातली जनुकं घडवतात, आणि ती आईबाप दोघांची असतात. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहून दोन्हींचं जमलेलं असतं. ते मोडलं तर? म्हणून मी कन्हानच्या बाजारातल्या सडक्या केळ्यांवरून फळमाश्या धरून आणल्या, कुहीला मामाच्या शेतातल्या पेरूंखालून दुसऱ्या आणल्या. दर पिढीत कन्हानच्या वंशातल्या मादीला कुहीचा नर द्यायचा. असं करत करत मायटोकॉन्ड्रिया कन्हानच्याच राहिल्या आणि केंद्रक जवळजवळ सगळं कुहीचं झालं. या बेमेळ माश्या खरोखर अंडी कमी घालत, आणि खोली जरा तापली की बाटलीच्या तळाशी पडून राहत. मला त्यांची दया यायची आणि आनंदही व्हायचा.

पण कन्हानच्या मायटोकॉन्ड्रियाच मुळात खराब असतील तर? ते ठरवायला शेवटची एक परीक्षा होती. बेमेळ मादीला परत कन्हानचा नर द्यायचा. पिल्लं सुधारली, तर दोष मायटोकॉन्ड्रियांचा नाही, जोडीचा. अट एकच: मादी कोरी हवी, म्हणजे तिचा आधी कोणत्याही नराशी संबंध आलेला नको. बाटली रिकामी केली की नव्या निघालेल्या माद्या आठ तासांच्या आत वेगळ्या काढायच्या, नाहीतर बाटलीतलेच भाऊ पुढे होतात.

नेमका तो दिवस पोळ्यानंतरच्या मारबतीचा आला. आमच्या मोहल्ल्यातून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघणार, घर पाहुण्यांनी भरलेलं. मी सकाळी सहाला येऊन बाटल्या रिकाम्या केल्या आणि तुमच्याकडे सुट्टी मागितली. "जाय, पाहून घेतो मी. दोनच्या आत काढतो." दुसऱ्या दिवशी तुम्ही कन्हानच्या नरांसोबत माद्या लावलेल्या नळ्या माझ्या हातात दिल्यात. "दोन वाजता घेतल्या, लिहून टाक." मी लिहिलं, निळ्या शाईत, माझ्या अक्षरात.

पिल्लं सुधारली नाहीत. प्रबंधाच्या समितीपुढे मी उभी आहे, तक्त्याकडे बोट दाखवते आहे, आणि मागच्या खुर्चीतून तुमचा आवाज येतो, "माद्या कोऱ्या नसतील. पोरीचा हात अजून कच्चा आहे." मी म्हणाले, सर, पुन्हा करते, महिनाभर द्या. तुम्ही म्हणालात, "आता पुरे." काहून पुरे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर मी प्रयोगशाळेत पाय ठेवला नाही. शाळेत शिकवते. मुलं सूक्ष्मदर्शकाशी झटत असतात तेव्हा मी लांब उभी राहते. काच लावायलासुद्धा माझा हात पुढे होत नाही.

डायरीत मारबतीच्या तारखेखाली तुम्ही लिहिलंय: "गर्दीत अडकलो. संध्याकाळी सहाला पोचलो. माद्या कोऱ्या नसाव्यात, तरी लावल्या. तिला सांगायचं."

म्हणजे माझं म्हणणं खोटं ठरलंच नव्हतं, सर. कन्हानच्या नरांना संधीच मिळाली नव्हती. ती पिल्लं भावांचीच होती, बेमेळच, मग सुधारणार कशी? उशीर होतो, माणूस आहे. पण दोष नेमका ओळखून तो माझ्या हातावर टाकलात. मला तुमच्याइतकं कोणी मानलं नव्हतं आणि मला तुमच्याइतकं कोणी फसवलंही नाही. घरी आरडाओरडा करून झाला. नवरा म्हणाला, "त्याइच्या कॉलेजात जाऊन दाखव ना सगळ्याइले." दाखवणारच होते.

पण आता दाखवू कशी? रविवारी काकू चहा घेऊन आल्या तेव्हा डायरी माझ्या हातातच होती. चष्मा शोधत त्यांनी विचारलं, "काय लिवलं हाये वं त्याच्यात?"

मी म्हणाले, "काही नाही काकू, माश्यांच्या खाण्याचं आहे. मक्याचं पीठ, गूळ." आणि खरं सांगते सर, ते म्हणताना माझा हात जरासुद्धा हलला नाही.