लेम्पीचा डावा डोळा

हॅन्कॉक, मिशिगन
१० सप्टेंबर

प्रिय बाबा,

तुम्ही, तुमची कंबर आणि जहाज तिघंही ठीक असाल अशी आशा आहे. आम्ही बऱ्या आहोत. बटाटे काढून झाले. सौनाचं, आपल्या वाफेच्या न्हाणीचं, धुरांडं आर्वो काकानं साफ केलं, म्हणजे तो खाली खुर्ची टाकून दोन तास सूचना देत होता आणि वर मी होते. आईनं ब्लूबेरीचा मुरांबा केला आणि तो तुमच्यासाठी ठेवायचा म्हणून कुलपात ठेवला, किल्ली लेम्पीकडे दिली. मुरांबा संपला.

फोन सोडून पत्र का, असं तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्ही दर वाक्यानंतर नुसतं “बरं” म्हणता, आणि ते “बरं” ऐकलं की मी पुढचं विसरते. या वेळी मला काही विसरायचं नाही.

विषय एकच आहे. एक ऑक्टोबरला धनुष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि लेम्पी आता बारा वर्षांची झाली आहे. तुम्ही मार्चमध्ये जाताना सांगितलंत, “माझं धनुष्य ओढता येईल आणि मी घरी असेन, तेव्हा जाईल.” पण जहाज जानेवारीआधी तुम्हाला सोडत नाही. तिला या वर्षी जाऊ द्या, एवढंच मागायचं आहे. तुमच्या धनुष्याबद्दल पुढे लिहिते.

आधी लेम्पीनं ते ओढून पाहिलं. पाय रोवले, दात आवळले आणि जोर लावला. धनुष्य होतं तिथेच राहिलं, लेम्पी मात्र त्याच्याकडे ओढली गेली. आर्वो काका म्हणाला, “पोरीला बाणाच्या जागी लावा, ती जाईल लांब.” तिनं धनुष्य परत खुंटीला लावलं. रात्री जेवताना म्हणाली, “ताई, मी बाबांएवढी होईपर्यंत हरणं म्हातारी होतील.”

म्हणून मी तिच्यासाठी नवीन, चाकांचं कंपाउंड धनुष्य घ्यायचं ठरवलं. माझ्या पहिल्या पगारातून. हे तुम्हाला आवडणार नाही हे मला माहीत आहे, पण शाळेत मी पोरांना रोज सांगते की साधन माणसाच्या मापाचं असावं, आणि घरात नेमकं उलटं चाललेलं मला बघवेना.

मी पद्धतशीर अभ्यास केला. शिंप्याच्या टेपनं लेम्पीच्या पसरलेल्या हातांची लांबी मोजली, तिला अडीचनं भागलं, दोरी किती लांब ओढायची ते काढलं. बारा धनुष्यांचा तक्ता केला: वजन, ताकद, दोन चाकांमधलं अंतर, पुढे किती वाढवता येईल. तीन रंगांत. तो घेऊन आम्ही व्हर्नामावशीच्या धनुष्यबाणांच्या दुकानात गेलो. मावशीनं तक्ता नीट हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, “छान अक्षर आहे,” म्हणाली आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला.

मग लेम्पीला स्टुलावर बसवलं, पाय अधांतरी. एक धनुष्य हातात दिलं आणि म्हणाली, “सरळ समोर धरून ओढ. हात वर गेला तर ते तुझं नाही.”

लेम्पीचा हात छपराकडे गेला.

“आकाशात हरणं नसतात, बाळ. पुढचं.”

अशी पाच धनुष्यं झाली. सहावं लेम्पीनं शांतपणे, हनुवटीपर्यंत, श्वास न रोखता ओढलं. मला वाटलं झालं. मी पाकीट काढलं. तर मावशी म्हणाली, “थांब मास्तरीणबाई. पोरीचा डोळा बघू.”

“चष्मा नाही हो तिला.”

“चष्म्याचं कोण बोलतंय?”

तिनं लेम्पीला दोन्ही हात पुढे धरून बोटांमध्ये लहानसं भोक करायला लावलं आणि त्यातून मावशीच्या नाकाकडे बघायला सांगितलं. समोर उभ्या असलेल्या मावशीला त्या भोकातून लेम्पीचा डावा डोळा दिसत होता. लेम्पी उजव्या हातानं जेवते, लिहिते, मला मारते. पण नेम धरायला तिचा डावा डोळा पुढे येतो. म्हणजे तिला डावखुऱ्यांचं धनुष्य हवं, नाहीतर प्रत्येक बाण डावीकडे जाणार. माझ्या तक्त्यातली बाराच्या बारा उजव्या हाताची होती. सोळा वर्षं शिकून मी बहिणीचे डोळे मोजायला विसरले.

आता बाबा, हे बसून वाचा. मावशीनं विचारलं, “हे डोळ्याचं घराण्यात आहे का?” मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात लेम्पी म्हणाली, “बाबांच्या मचाणाच्या डावीकडे एक बर्चचं झाड आहे.”

तुमचा तो बर्च. वीस वर्षांचे बाण खाऊन जो चाळणीसारखा झालाय, ज्याला आर्वो काका “दादाचं हरीण” म्हणतो. मग मावशी इतकी हसली की तिला स्टूल लागलं. मी हसले नाही. थोडीशी हसले. तुम्ही वीस वर्षं वाऱ्याला, बाणांना आणि आर्वो काकाच्या खोकल्याला दोष दिलात, आणि ते सगळे निर्दोष होते. मोकळेपणी सांगते, मला तुमचा अभिमानच वाटला. चुकीच्या डोळ्यानं वीस वर्षं दर हंगामाला जाणं सोपं नाही.

लेम्पीचं धनुष्य आलं आहे. डावखुरं, हलकं, किल्लीनं ताकद वाढवता येणारं, म्हणजे ती वाढेल तसं तेही वाढेल. अंगणात वीस पावलांवरून ती कागदी हरणाच्या बरोबर खांद्यामागे मारते. आर्वो काका हल्ली विनोद करत नाही, नुसती खुर्ची हलवून लांब बसतो.

तुमचं धनुष्य. बरं, लिहितेच.

मी लेम्पीला चाकांचं शास्त्र समजावत होते. पूर्ण ओढल्यावर बहुतेक भार चाकं घेतात म्हणून नेम धरून थांबता येतं, हे तिला हाताला कळावं म्हणून मी तुमचं धनुष्य घेतलं. ते मला ओढता आलं. बाबा, मला ते खरंच ओढता आलं, आणि त्या आनंदात मी दोरी सोडली. बाण न लावता. हे करायचं नसतं हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. धनुष्याचं एक पातं चिरलं, दोरी चाकावरून उडाली, चाक वाकलं.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, “काय फुटलं?”

“काही नाही.”

“काही नाही एवढ्या मोठ्यानं फुटत नाही.”

व्हर्नामावशी म्हणते, दुरुस्त होणार नाही. मी तुमची क्षमा मागते. तुमच्यासाठी डावखुरं बघून ठेवलं आहे, पण घेतलं नाही. तक्ताही केलेला नाही. तुम्ही येऊन स्वतः ओढून बघा.

शिकारीला लेम्पीसोबत परवाना असलेलं मोठं माणूस लागतं. काकाचा गुडघा मचाण चढत नाही आणि आईला हरीण फक्त कढईत आवडतं. म्हणून मी शिकार-सुरक्षेचा वर्ग पूर्ण केला. एकोणीस मुलं आणि मी. सरांनी मला पालक समजून मागे बसवलं, आणि लेम्पीनं तीन दिवस मला ओळख दाखवली नाही. तिला पन्नासपैकी पन्नास, मला अठ्ठेचाळीस. मी दोन प्रश्नांवर वाद घातला होता.

तेव्हा तुम्ही हो म्हणालात तर एक ऑक्टोबरला पहाटे मी तिच्या शेजारी बसेन, गप्प. पण काल सराव करून आत येताना तिनं विचारलं, “ताई, हरीण समोर आलं आणि मला सोडवलाच नाही बाण, तर बाबा रागावतील?” मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर येतं हे तुम्हाला माहीत आहे. या एका गोष्टीचं दिलं नाही. ते तुमच्याकडून यायला हवं. म्हणून होकार मला नको, तिला लिहा. दोन ओळी पुरतील. आणि त्या दोन ओळींत तिच्या प्रश्नाचंही उत्तर असू द्या.

मी बारा वर्षांची असताना तुम्ही धनुष्य माझ्या हातात ठेवलंत. मी प्राण्यांच्या हक्कांवर मोठं भाषण केलं, तुम्ही “बरं” म्हणालात आणि ते पुन्हा खुंटीला लावलंत. माझी मतं खरी होती, आजही बरीचशी आहेत. पण त्या दिवशी माझ्या बोलण्यामागे मत नव्हतं, भीती होती, आणि मला विचारायचं होतं तेच जे काल लेम्पीनं विचारलं.

ते तेव्हा विचारू न शकलेली,
तुमची थोरली,
सायमा