शांघायमधला माझा टॉवर

२ ऑक्टोबर, गुरुवार
पहिलं लेक्चर. विषय: चीनमधली आर्किटेक्टची प्रॅक्टिस. कोबेत हा विषय इंग्रजीतून शिकवणारा माणूस युनिव्हर्सिटीला मीच सापडलो. डिपार्टमेंटमध्ये चिनी प्राध्यापक आहेत, पण त्यांना चीनकडे बाहेरून बघता येत नाही. मी चीन बाहेरूनच बघितलाय. ग्वांगझूच्या विमानतळावर, ट्रान्झिटमध्ये. काचेतूनसुद्धा देश कळतो, नजर हवी.
नऊ मुलं. चार जण डोळे मिटून ऐकत होते. जपानी एकाग्रता.
पोस्टिंग माझ्या बायकोचं, उत्तराचं आहे, बँकेचं. मी डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे बाकीचे दिवस लेकीचा, सुरुचीचा डबा, इस्त्री, कचऱ्यात प्लॅस्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या. पण गुरुवारी मी सेन्सेई, म्हणजे गुरुजी. तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं तर निदान सांगायला उत्तर आहे. हे कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये रिन्यू व्हायलाच हवं.
संकल्प: रोज तासभर चिनी शिकणे.

९ ऑक्टोबर
चिनी सोमवारपासून. आठवड्याच्या मध्येच सुरू केलेलं टिकत नाही.
आज मूळ नियम शिकवला. चीनमध्ये परदेशी आर्किटेक्टने संकल्पना द्यायची. बांधकामाची ड्रॉइंग्ज तिथली डिझाइन इन्स्टिट्यूट करते, आणि शिक्का तिचाच. अकीयामा नावाच्या मुलाने विचारलं, सेन्सेईंनी तिथे काय बांधलंय? शांघायचा एक टॉवर, म्हटलं. निघून गेलं तोंडातून. पण खोटं कुठाय? पुण्याच्या ऑफिसात त्या टॉवरचं आउटसोर्सिंग आलं होतं आणि टॉयलेट्स सगळी माझ्याकडे होती. वरपासून खालपर्यंत. टॉयलेट नसेल तर टॉवरमध्ये माणसं थांबतील तरी का?

२३ ऑक्टोबर
टॉवरवर अख्खं लेक्चर. प्रथमच सगळे जागे. माझं योगदान सांगितलं. मूळ नकाशात कमोड पूर्व-पश्चिम होते. वास्तुशास्त्रात हे चालत नाही. चिनी लोकही दिशा मानतात, तेव्हा कोणाला न विचारता मी सगळे उत्तर-दक्षिण फिरवले. याला सांस्कृतिक संवेदनशीलता म्हणतात. मुलांनी लिहून घेतलं.
घरी सांगितलं तर उत्तरा म्हणाली, तो टॉवर तुझा कधी झाला रे? बँकेतल्या लोकांशी आर्किटेक्चरवर बोलू नये.
चिनी शिकणं दिवाळी झाल्यावर. दिवाळी होऊन गेली असं उत्तराचं म्हणणं. मग तुळशीच्या लग्नानंतर.

१३ नोव्हेंबर
मोठी बातमी. शांघायच्या एका डिझाइन इन्स्टिट्यूटचे उपसंचालक फान-सान, म्हणजे फानसाहेब, डिसेंबरात येणार. आमच्या मुलांना इंटर्नशिप द्यायचा त्यांचा विचार आहे, म्हणून ते माझ्या वर्गात बसणार. विभागप्रमुख मोरिता-सान म्हणाले, पाहुण्यांचं मत पाहून पुढच्या वर्षीचं ठरवू. म्हणजे माझं पक्कं. असं ते म्हणाले नाहीत, पण जपानी लोक सगळं बोलून दाखवत नाहीत.
चिनीचं ॲप डाउनलोड केलं. सुरुचीने माझा उच्चार ऐकला आणि म्हणाली, बाबा, मुरी. म्हणजे जपानीत 'अशक्य'. मराठीत विचारावं आणि जपानीत अपमान करून घ्यावा, असं चाललंय या घरात.

४ डिसेंबर
मुलांना बजावलं, पाहुण्यांसमोर प्रश्न नकोत. तशीही ती विचारत नाहीत. निर्धास्त आहे.

११ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळ
फान-सान म्हणजे साठीचे, हसरे गृहस्थ. मी 'नी हाओ' म्हटलं, ते इंग्रजीत बोलू लागले. लेक्चर झकास चाललं होतं. शेवटी अकीयामा उभा राहिला. प्रश्न नव्हता विचारायचा गाढवाला, त्याला माझं कौतुक करायचं होतं. आमच्या सेन्सेईंनी शांघायला टॉवर केलाय, म्हणाला, आणि माझी स्लाइड माझ्याच लॅपटॉपवर उघडली.
फान-सान उठून स्लाइडपाशी गेले. मग म्हणाले, "टॉयलेट्स तुम्ही फिरवलीत?"
हो म्हटलं. मुलांच्या वह्यांत लिहिलेलं होतं, नाही कसं म्हणणार?
त्या टॉवरवर शिक्का त्यांच्याच इन्स्टिट्यूटचा. मी फिरवलेल्या कमोडला दार अडकत होतं, पाइप भलत्याच जागी येत होते. चिनी नववर्षाच्या सुट्टीत त्यांच्या लोकांनी बसून सगळे मजले पुन्हा काढले. फान-सानांची आई गावी वाट बघत राहिली, ते पोचलेच नाहीत. हे सगळं त्यांनी हसत सांगितलं. वर्गही हसला. माझे कान तापले होते. तरी नमूद करतो की जपानी वर्ग एवढा हसताना मी आजवर पाहिला नव्हता, आणि वर्ग माझा होता.
अकीयामा तेवढा हसला नाही.

१८ डिसेंबर
शांतपणे विचार केला. चीनमध्ये धंदा ओळखीवर चालतो. फान-सान मला आता जन्मात विसरणार नाहीत, म्हणजे ओळख पक्की. पाच मुलांना इंटर्नशिप मिळाल्या. कोणाच्या वर्गातल्या? रिन्यूअल गृहीत धरायला हरकत नाही. उत्तराला तसं सांगितलं. ती भाजी चिरत राहिली.

२२ जानेवारी
मोरिता-सानांनी बोलावलं. चहा दिला. कमरेत वाकले, पुन्हा वाकले.
विषय चालू राहणार. एप्रिलपासून फान-सान शांघायहून ऑनलाइन शिकवणार. चुका कशा टाळाव्यात, या लेक्चरला माझी टॉवरची स्लाइड त्यांना हवी आहे, परवानगी द्याल का?
म्हटलं, अवश्य. स्लाइडवर माझं नाव राहील ना?
मोरिता-सान म्हणाले, "नाव काढतो असं त्यांनीच सांगितलंय. तुम्हाला अवघडल्यासारखं व्हायला नको."
मला मुळीच अवघडल्यासारखं झालं नसतं.

९ एप्रिल, गुरुवार
सकाळी आंघोळ, दाढी. कडक शर्ट घातला, टाय बांधला. दारात बूट घालत होतो. उत्तरा बँकेत निघाली होती, तिने विचारलं, कुठे रे?
कचरा टाकायला, म्हटलं.
ती टायकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आज कचरा नसतो, अंबरीष. उद्या असतो."