राजा, दश्शी, सत्ती

महाड
२० नोव्हेंबर १९८३

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. इकडे भातं झोडून झाली. सावित्रीचं पाणी उतरलंय. पोलादपूरच्या कचेरीत रस्त्याच्या नकाशांचं काम चालू आहे; सकाळच्या एसटीने जाते, संध्याकाळी परतते. दिवसा बाबांजवळ राहीआत्या असते, नाते गावाहून ती खास त्यासाठी येऊन राहिली आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात अजून उचलला जात नाही. बोलणं मात्र आता समजतं. माझ्या नाशिकच्या प्रशिक्षणाचं शेवटी लिहिते.

'माझं काय चुकलं ते तूच सांग,' असं तू विचारलंस. म्हणून सांगते.

तिकडे कामावर तुमच्या तुकडीतून महिनाभरासाठी एकालाच घरी सोडणार, हे साहेबांनी ठरवलं. मागणारे चौघं. तेव्हा पोकर खेळायचा आणि जिंकेल त्याने घरी जायचं, हे तुम्ही चौघांनी ठरवलं. पैशांऐवजी वॉशर वाटून घेतले. याबद्दल मी काही म्हणत नाही. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी तिघं राहिलेच असते.

एक जण बाहेर पडला तेव्हा सगळ्यात मोठा ढीग तुझ्यापुढे होता. केरळचा सुतार थोडा मागे. तिसऱ्याकडे जेमतेम एक-दोन डावांपुरते वॉशर. तुझ्या हातात गुलाम आणि दश्शी. मध्ये सगळ्यांची सामाईक म्हणून पहिली तीन पानं उघडली: राजा, दश्शी, सत्ती. म्हणजे तुझी जोडी जमली, पण राजाखालची. मधली जोडी.

इथपर्यंत ठीक आहे. ती दोन पानं घेऊन बसायला हरकत नव्हती. पानं उघडल्यावर तू थोडे वॉशर सरकवलेस, तेही बरोबर. समोर काही नसतं तर डाव तिथेच मिळाला असता. पण सुताराने सगळा ढीग पुढे केला. तूच लिहितोस की हा माणूस हातात काही असल्याशिवाय एकदाही बोलला नव्हता. असा माणूस सगळं लावतो तेव्हा त्याच्याकडे निदान राजाची जोडी असते. तू पानं टाकली असतीस तर थोडेच वॉशर जात होते. तिसरा आपोआप उठणार होता. तुला थांबता येत होतं. तू जवळजवळ सगळं लावलंस.

त्याच्याकडे राजा आणि सत्ती निघाले, ते मी धरत नाही. निर्णय तपासायचा तो घेताना जे माहीत होतं त्यावर. राजाची नुसती जोडी धरली तरी अशा चार-पाच डावांत एखादाच तुला लागतो. तू पत्रभर नशीब नशीब लिहिलं आहेस. नशिबाचा भाग त्यानंतर सुरू होतो.

गेल्या रजेत ओटीवर पत्ते मांडून हा खेळ मला तूच शिकवलास. अशाच मधल्या जोडीवर मी हटून बसले तेव्हा केवढा हसला होतास. म्हणालास, "पावसातला साकव दिसला म्हणून पाय ठेवायचा नाय गो. आधी पाण्याकडं बघायचं." ते मी विसरले नाही. तू विसरलास हे मला पटत नाही.

पत्र मी घरात वाचून दाखवलं होतं. आत्या म्हणाली, पत्त्यांत घरदार हरलेले खूप पाहिले, बाप हरलेला हा पहिलाच. मी तिला गप्प केलं. सांगितलं, तो चांगला खेळला, पान पडलं नाही.

आज रविवार. मी पत्ते काढून बाबांच्या पलंगावर तुझा डाव मांडला. गोदीत असताना जेवणाच्या सुट्टीत तेही खेळायचे. सगळं ऐकून घेतलं आणि डाव्या हाताचं बोट दश्शीवर ठेवलं.

"तू काय केलं असतंस?" त्यांनी विचारलं.

"टाकली असती."

"महिपतला कळत नाय?"

"कळतं. त्यानेच शिकवलं मला."

त्यांनी दश्शीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, "मंग त्याला यायचंच नव्हतं."

मी नाही म्हणायला हवं होतं. आत्यासमोर एकदा खोटं बोलले होते. दुसऱ्यांदा जमलं नाही. पत्ते गोळा केले.

दादा, तुला भीती वाटली असेल. मलाही वाटते. सकाळी बाबांना कुशीवर वळवताना अंग इतकं हलकं लागतं, की हात काढून घ्यावासा वाटतो. पण माझ्यापुढे कोणी डाव मांडत नाही.

नाशिकचं सांगायचं राहिलं. तू महिनाभर इथे असतास तर मी जाणार होते. त्याशिवाय ओव्हरसिअरची जागा नाही, हे तुला कळवलं होतं. काल मी कचेरीतल्या साहेबांना नकार लिहून दिला. मी माहीत होतं तेवढ्यावर ठरवलं. तू येणार नाहीस, हे माहीत होतं.

त्या सुताराच्या घरी काय अडचण होती, ते तू लिहिलेलं नाहीस. जे असेल ते असो, तो पोचला असेल.

पुढच्या वेळी यायचं नसेल तर तसं लिही. पानं लिहू नकोस.

तुझ्यासाठी काही लिहू का, असं पत्र बंद करण्याआधी बाबांना विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

जयभीम.

आवडी