साधीच गाठ आहे म्हणे

दि. ९ मार्च

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. टाके सुकले. कठडा धरून जिना उतरते. शिवणाचं दुकान अर्धा दिवस उघडते. येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या पोटाकडे बघते आणि मग कापड काढते.

फोनच केला असता, पण फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ करतोस आणि रेंज गेली म्हणतोस. कागदाची रेंज जात नाही.

मला पहिल्यापासून सगळ्यांचा संशय येत होता. स्वादुपिंडातली गाठ काढली तेव्हा सर्जन म्हणाले, साधी आहे, कॅन्सर नाही. मग किडनीतली दुसरी काढली. तीही साधी! अरे, साधी गाठ अशी बिऱ्हाड बदलते का? आईलाही बाबा शेवटपर्यंत साधीच गाठ म्हणत होते.

त्यात घरातले सगळे एकदम गोड झाले. सून न मागता चहा आणून देते. तुझे दाजी फोन घेऊन बाल्कनीत जातात आणि मी दिसले की ‘बरं, ठेवतो.’ या माणसाला हळू बोलता येतं हे मला एवढ्या संसारात ठाऊक नव्हतं. एकदा कानावर पडलं, “तिला एवढ्यात कळू द्यायचं नाही.” आणि तू! ड्रायव्हिंग स्कूल बंद ठेवून दोनदा येऊन गेलास. ताटावर बसलास, जेवला नाहीस. माझ्या नजरेला नजर दिली नाहीस. मी ओळखलं, माझं काही खरं नाही. फक्त मलाच कुणी सांगत नाही.

मग उठले. हॉस्पिटलच्या लॅबमधून माझ्या दोन्ही गाठींच्या काचा, त्या स्लाइड्स म्हणतात त्या, मागितल्या. सही केली की देतात. घरी सांगितलं, एका गिऱ्हाइकाची मापं घ्यायला चाललेय, आणि आपल्याला कुणीही ओळखत नाही अशा एका पॅथॉलॉजिस्ट बाईंकडे बसने गेले.

“बहिणीच्या आहेत,” मी म्हटलं.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले. टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद काळं पडत होतं. काच इकडून तिकडे सरकत होती आणि मी त्यांच्या भुवया बघत होते. एक जरी हलली असती तरी मी खुर्चीतून पडले असते.

“या, तुम्हीच बघा.”

मी पाहिलं. गुलाबी जाळी, भोकाभोकांची, लेससारखी नाजूक.

“ही स्वादुपिंडातली. क्वचित सापडते, पण निरुपद्रवी. किडनीतली हिचं पिल्लू नाही. कॅन्सर एका जागेवरून दुसरीकडे गेला तर पेशी मूळ जागेसारख्याच दिसतात. इथे दोन्हींचं अस्तर वेगळं आहे. दोन स्वतंत्र गाठी, दोन्ही साध्या.”

“म्हणजे तुम्हीही साधीच म्हणताय.”

“साधीला साधीच म्हणणार. वाईट म्हटलं तर बरं वाटेल का?” मग पोटावर धरलेल्या माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, “आणि बहिणीला सांगा, जड पिशव्या उचलू नकोस.”

छोट्या, मी खळखळून हसले. टाके दुखले तरी हसले. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “भावंडं आहेत? आईवडिलांना कधी असं काही?”

मी आईचं सांगितलं. त्यांनी चष्मा खाली घेतला.

“अशा गाठी दोन अवयवांत सापडल्या की आनुवंशिक असण्याची शंका येते. भावाची तपासणी झाली का? आणि एकाची साधी निघाली म्हणून दुसऱ्याची साधीच असते असं नाही हं.”

परतीच्या बसमध्ये मी काय काय आठवत होते ते तुला सांगायला नको. तू जेवला नव्हतास. तुझा पट्टा पार आतल्या भोकात गेला होता. मला कळू द्यायचं नव्हतं ते माझं दुखणं नव्हतंच.

घरी येऊन दारातच दाजींना विचारलं, “छोट्याला कुठल्या बाजूला आहे?”

“डाव्या,” ते म्हणून गेले.

मग सगळं बोलले. सर्जननी तुलाही सोनोग्राफी करायला सांगितली होती, तुझ्या किडनीत गाठ सापडली, मला सांगायचं नाही अशी तू दाजींना शपथ घातलीस. आणि तू अजून ऑपरेशनची तारीख घेत नाहीस. म्हणे, ताई पायावर उभी राहू दे, मग बघू.

उभी आहे. रविवारी येते. हॉस्पिटलची बॅग भरून ठेव, आणि दोन घास खा.

तुझी ताई


दि. २ एप्रिल

प्रिय छोट्या,

हे पत्र तुझ्या उशाशी ठेवून मी खाली कँटीनमध्ये जाऊन बसतेय. तोंडाने सांगायला गेले तर रडू फुटेल, आणि तू त्या रडण्याचा भलताच अर्थ लावशील.

ऑपरेशनात काढलेल्या तुझ्या गाठीचा रिपोर्ट आला. तुझी बायको आणि दाजी कॉरिडॉरमध्ये ठरवत होते. ती म्हणाली, “जरा ताकद येऊ दे. तोवर साधी गाठ आहे असंच सांगू. ताई, तुम्हीही तेच सांगा.” तिच्यावर रागावू नकोस, घाबरलीय बिचारी. पण मी नाही म्हटलं.

तुझी गाठ माझ्यासारखी नाही. बरीचशी तशीच जाळीदार आहे, पण एका कोपऱ्यात वाईट पेशी सापडल्या. कॅन्सर आहे. मी लिहिला तो शब्द, तू वाचलास, आता तो आपल्या दोघांत आला.

त्या बाईंनाही मी काचा दाखवल्या. या वेळी सांगितलं, भावाच्या आहेत. त्याही तेच म्हणाल्या. गाठ लहान होती, सगळी निघाली आहे, कडेला वाईट पेशी कुठेही नाहीत. सध्या औषध लागणार नाही, पण तपासण्या मात्र जन्मभर, तुझ्याही आणि माझ्याही. आपल्या पोरांनाही तपासून घ्यायचं. आणखी वर्षभर ‘मग बघू’ केलं असतंस तर हे पत्र वेगळं झालं असतं, हेही त्यांनीच सांगितलं.

मी वर आले की तू माझ्या तोंडाकडे बघत बसशील, हिने काय गाळलं ते शोधत. खुशाल बघ. मला ठाऊक आहे ते सगळं या कागदावर आहे.

वाचून झालं की बोलाव.

खोटं सांगायला नाही म्हणालेली,
तुझी ताई